लोनीवहिनी आणि निळ्या ठिपक्याचे भुंगेरे

माझी वहिनी अपोलोनिया, आमची लोनी, दर मंगळवारी बारा बायकांना बटाट्याच्या सरींतून ओळीने चालवायची. पान उलटायचं, बटाट्याची पानं खाणारा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा दिसला की रॉकेलच्या बरणीत. सरकारी हुकूमच तसा होता; शत्रू विमानातून किडे सोडून आम्हा जर्मनांना उपाशी मारणार म्हणे. भाऊ आघाडीवर, मी पायात गोळी घेऊन घरी आलेलो, म्हणून ओळीच्या शेवटी मीही लंगडत असायचो.

त्रेचाळीसच्या सप्टेंबरात विमान आलं खरं, पण आपलंच. वरून भुंगेरे सांडले, प्रत्येकाच्या पाठीवर निळा ठिपका. मागोमाग सरकारचे कीटकतज्ज्ञ डॉक्टर हासेलबाख उगवले. शत्रूच्या शेतांवर किडे टाकले तर ते जगतील का, हे त्यांना बघायचं होतं. आणि बघायचं कुठे, तर आमच्या शेतात. या शिकलेल्या माणसांपुढे मी आजही हात टेकतो.

"ठिपकेवाले जिवंत आणून द्या," डॉक्टर म्हणाले.

लोनीने बरणी पुढे केली. सगळे रॉकेलवर तरंगत होते. "सहा वर्षं मारायलाच शिकवलंत, साहेब. बोटं आता मला विचारत नाहीत."

डॉक्टर चिडले. उरलेले किडे लोनीच्याच शेतात होते, म्हणून त्यांनी भोवती दोरी बांधली. पंधरा दिवस पानाला हात लावायचा नाही, नंतर एकही किडा उरू नये म्हणून जमिनीत विष ओतायचं.

"आणि हिवाळाभर माझ्या तीन पोरांनी काय खायचं?"

"हा प्रयोग आहे, बाई."

"मग तुमच्या सासूबाईंच्या परसात करा."

लोनी गावच्या कचेरीत गेली. मारा म्हणणारा कागद आणि मारू नका म्हणणारा कागद, दोन्ही टेबलावर आपटले. कारकून म्हणाला, दोन्ही बरोबर आहेत.

"बरं. सकाळी मारते, दुपारी जिवंत करते."

मंगळवारी डॉक्टर शहरात गेले होते. लोनीने बायकांना दोरीच्या आत घेतलं. "पानाला हात लावायचा नाही, एवढाच हुकूम आहे. बटाटे जमिनीखाली असतात. भावोजी, बघत काय बसलात, पोती धरा."

संध्याकाळपर्यंत सगळे बटाटे तळघरात गेले, आणि बुंध्याला धरून उपटलेली झाडं पुन्हा मातीत उभी राहिली, किड्यांसकट.

गुरुवारी शेत वाळून काळं पडलं होतं. डॉक्टर आनंदाने वहीत लिहीतच सुटले: दोन दिवसांत अख्खं शेत फस्त, भूक अफाट. मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमचं मोठं नुकसान झालं, बाई."

"झालं ना," लोनी म्हणाली. "तुमच्या किड्यांना काही लाज आहे का?"