मूठभर गवत

सावेडीच्या रस्त्यावरच्या केकच्या दुकानातून मी बाहेर पडले आणि कडब्याचा वास आला. खरं तर तिथे व्हॅनिलाचा, भाजलेल्या मैद्याचा, फार तर पेट्रोलचा वास यायला हवा. नाताळ अगदी तोंडावर आलेला. दुकानाच्या दारात हवा भरलेला लाल सांताक्लॉज पंख्याच्या झोतावर डुलत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार केल्यासारखं करत होता. माझ्या एका हातात केक, दुसऱ्या हातात नातवंडांसाठी घेतलेलं मोठं खोकं, त्यावर चित्र तयार गव्हाणीचं: रंगीत दिव्यांची माळ, हिरवंगार प्लास्टिकचं गवत आणि त्या गवताला कायमचं चिकटवलेलं गोरंपान बाळ. आणि समोर गर्दीत अडकलेला कडब्याचा टेम्पो, रस्ता अडवून उभा. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार झाले होते. मी मात्र मनात म्हणत होते, अजून जरा थांब बाबा, एवढी काय घाई आहे. कोरड्या वैरणीच्या त्या वासात ऊन असतं, धूळ असते, गुरांचा उबदार श्वास असतो. तो नाकात शिरला की मी साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई राहत नाही. मी माझ्या माहेरच्या गावात, डिसेंबरच्या कलत्या उन्हात जाऊन पोचते.

खोकं मी हौसेनं घेतलं होतं, पण मन काही त्यात नव्हतं. माझा मुलगा पुण्याला असतो, मुलगी नाशिकला. नाताळाला दोघंही येतात, पण त्यांचे वडील गेल्यापासून एका वेळी येत नाहीत. वडिलांच्या आजारपणात कोण किती आलं, कोण किती थांबलं, यावरून शब्दाला शब्द वाढला आणि नंतर शब्दच संपले. आता मुलगा सकाळी येतो, जेवतो आणि बहीण पोचायच्या आत निघून जातो. मुलगी दाराशी आली की आधी चपलांकडे बघते. दोन्ही वेळचं जेवण मी सारख्याच उत्साहानं वाढते, दोन्ही वेळा हसते आणि मग भांडी घासताना मला रडू येतं. आईला याहून दुसरं दुखणं नको.

आमचं माहेरचं गाव राहुरीकडचं. ओढ्याच्या काठाला दगडी भिंतींचं, कौलारू छपराचं आमचं लहानसं देऊळ. होय, आम्ही त्याला देऊळच म्हणायचो, चर्च हा शब्द फार पुढे शहरातून आला. पेटी, ढोलकी आणि झांजा असत. भजनं ओवीच्या चालीवर चालत, आणि ती ऐकायला शेजारपाजारची हिंदू मंडळीही घोंगडी टाकून बसत. नाताळाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आमच्या गोठ्यातली गुरांची खरीखुरी गव्हाण, वैरण घालायचं ते लाकडी, गुरांनी चाटून चाटून गुळगुळीत केलेलं खोकं, उचलून देवळात नेत. नेताना ती रिकामी असायची. मग घराघरातून एकेक माणूस मूठभर गवत घेऊन यायचं. कुणी कडब्याची पानं, कुणी बांधावरचं वाळलेलं गवत, कुणी बाजरीचं सरमाड. सगळ्या घरांच्या मुठी पडल्या की त्यावर बाळ निजवायचं. देव माणसात आला तो गोठ्यात, आणि त्याचं अंथरूण सगळ्या वस्तीनं मिळून घातलं पाहिजे, एवढाच त्या रिवाजाचा अर्थ. पण त्याला एक अट होती. ज्याचं कुणाशी वाकडं असेल, त्यानं आधी ते सरळ करून यायचं आणि मगच मूठ टाकायची.

ही अट सांभाळणारी माझी थोरली आत्या. लहानपणी तिची आई गेली, तेव्हापासून पाठच्या दोन भावांना, म्हणजे माझ्या वडिलांना आणि काकांना, तिनंच वाढवलं. स्वतः कमी वयात विधवा होऊन माहेरी आली आणि मग त्या देवळाचीच होऊन गेली. गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडातून कोरलेलं ते बाळ वर्षभर तिच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असे. हाताळून हाताळून त्याचं नाक झिजलेलं होतं. नाताळाच्या संध्याकाळी ती गव्हाणीपाशी मांडी घालून बसायची, येणारी प्रत्येक मूठ आपल्या ओंजळीत घ्यायची आणि तिच्यातली कुसळं एकेक करून निवडायची. आमच्याकडचं गवत म्हणजे काही मखमल नव्हे. पायजम्यात, लुगड्यात, बोटात, कुठेही शिरून बसणारी ती बारीक टोकदार कुसळं. निवडताना माणसाच्या तोंडाकडे बघून हळूच विचारायची, "मनात काय न्हाई ना रं? न्हाई तर टोचंल लेकराला." भल्याभल्यांची नजर खाली जायची. मग कुणीतरी मागच्या मागे उठून कुणाच्यातरी घरी जाऊन यायचं. आम्ही मुलं ते पाहत असू, आणि आमच्यासाठी नाताळ म्हणजे करंज्या आणि हे, एवढंच होतं.

माझं लग्न होऊन मला दोन मुलं झाली त्या सुमारास वडील आणि काका यांच्यात विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका कोरड्या वर्षी वडिलांनी आपल्या पाळीनंतरही मोटार चालू ठेवली, असं काकांचं म्हणणं. काकांचा कांदा डोळ्यांदेखत करपला, हे मात्र सगळ्यांनीच पाहिलं. वडील म्हणायचे मी नाही, काका म्हणायचे तूच. बोलणं बंद झालं. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन गोठे आणि मध्ये दोन भाऊ एकमेकांना दिसत असूनही न दिसणारे. त्या नाताळाला सगळ्या घरांच्या मुठी आल्या, या दोन आल्या नाहीत. आत्या वाट पाहून थकली. शेवटी तिनं बाळ गव्हाणीत ठेवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सबंध उपासनाभर ती ते मांडीवर घेऊन बसली. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, खुणेनं विचारलं, तर म्हणाली, "आथरून पुरं झाल्यालं न्हाई अजून." रिकाम्या गव्हाणीसमोर आम्ही जन्माची गाणी म्हटली. वडील एका बाकावर, काका दुसऱ्या, दोघांच्याही माना खाली. मला त्या दिवशी दोघांचाही इतका राग आला होता की प्रसादाची करंजी मी खाल्लीच नाही.

पुढच्या नाताळाला मी मुलांना घेऊन माहेरी गेले तर देवळाचं रूपच पालटलेलं. सुप्याला कंपनीत लागलेल्या पोरांनी मंडळ काढलं होतं. पुण्याहून तयार गव्हाणी आणलेली, अगदी माझ्या हातातल्या खोक्यासारखी, फक्त मोठी. झाडावर कापसाचा बर्फ पांघरलेला. आमच्या भागात बर्फ म्हणजे रसवंतीच्या ग्लासात पडतो तेवढाच ठाऊक, पण पोरांनी घरच्या कापसाची बोंडं पिंजून त्याचा हिमालय केला होता, आणि शेळ्यांनी तो खाऊ नये म्हणून एकाला काठी घेऊन बसवलं होतं. गंमत म्हणजे या सगळ्यावर सर्वात खूश होते ते वडील आणि काका. दोघांनी हात सैल सोडला होता. काकांनी चिंचेवर चांदणी लावली, तर वडिलांनी लिंबाच्या शेंड्यावर तिच्याहून मोठी. त्यांच्या खुशीचं कारण मला हळूहळू उमगलं. या नव्या गव्हाणीला कुणाच्या मुठीची गरजच नव्हती. गवत कारखान्यातूनच चिकटून आलेलं, बाळही. कुणी कुणाच्या दारात जायला नको, कुणी मान खाली घालायला नको. सण कसा झोकात होणार होता आणि कुणालाही काही टोचणार नव्हतं.

आत्या भिंतीला टेकून, पदराखाली लुगड्याचं गाठोडं धरून बसून राहिली. दिवेलागणीला, पूर्वी मुठी पडायच्या त्याच वेळेला, सांताक्लॉज आला. सांताक्लॉज जाडा हवा, आणि वस्तीत पोट सुटलेले म्हणाल तर आमचे काका. लाल झगा, कापसाची दाढी, खांद्यावर चॉकलेटांची पिशवी, पायात मात्र रोजच्याच कोल्हापुरी वहाणा. पोरांची ही रांग लागली. काका प्रत्येकाला विचारत, "काय पायजे रं तुला?" आणि हातावर चॉकलेट ठेवत. माझी दोन्ही मुलं रांगेत होती, भाऊ पुढे, बहीण त्याचा सदरा धरून मागे. आणि त्यांच्या मागे, केव्हा उठली कुणास ठाऊक, आत्या उभी होती. लोक हसले. काकाही रंगात होते. नाटकी आवाज काढून म्हणाले, "बोला आक्का, काय पायजे तुमाला?"

आत्यानं हात पुढे केला. "मूठभर गवत दे. तुज्या गोठ्यातलं."

हसणं जागच्या जागी थांबलं. काकांचा हात पिशवीत तसाच राहिला. ते हळूच म्हणाले, "आक्का, चाकलेट घे की. गवताचं काय काम ऱ्हायलं आता?"

"सगळ्यांना मागंल ते देतूस. मला न्हाई म्हनतूस व्हय?"

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि दाढीसकट, झग्यासकट ते देवळाबाहेर पडले. आम्ही काही जण मागोमाग गेलो. ओढ्यापलीकडे त्यांचा गोठा. अंधार अजून पुरता पडला नव्हता, आकाशात शेंदरी उजेड होता. त्या उजेडात हे लालभडक, दाढीवालं धूड गोठ्यात शिरलं मात्र, आणि काकांच्या बैलानं आपला धनी ओळखलाच नाही. त्यानं असा हिसडा दिला की दावं तुटलं. बैल उधळला तो थेट विहिरीच्या दिशेनं. काका झगा सावरत मागे धावले, कासरा हाताला लागला, पण पाय झग्यात अडकला आणि ते फरपटत निघाले. सगळे नुसते ओरडत होते. तेवढ्यात आमच्यातूनच कुणीतरी धोतर खोचून पुढे झेपावलं. ते वडील होते. ते कधी आमच्या मागे आले होते, मला कळलंही नव्हतं. त्यांनी बैलाच्या वेसणीला हात घातला आणि ओरडले, "कासरा सोडू नगं! ती दाढी काढ आधी, दाढी काढ!" काकांनी दाढी ओरबाडून फेकली आणि बैलाला त्याच्या नावानं हाक मारली. बैल थरथरत उभा राहिला. त्याच्या एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोघांनाही धाप लागलेली, आणि हाकेच्या अंतरावर ती विहीर. काका म्हणाले, "दादा, लागलं का रं तुला?" मला आता हे लिहितानाही भरून येतं, कारण इतक्या अबोल्यानंतर काकांनी वडिलांना उद्देशून म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

दोघं देवळात आले ते मुठी घेऊनच. आत्यानं त्या ओंजळीत घेतल्या, जमिनीवर पदर पसरला आणि कुसळं निवडायला बसली. तिनं काही विचारलं नाही. वडिलांनीच खाली बघत सांगितलं, "मोटार मीच चालवली हुती आक्का." आत्या म्हणाली, "निघालं कुसाळ," आणि झगमगत्या गव्हाणीसमोर, साध्या फरशीवर ते गवत पसरून तिनं झिजल्या नाकाचं बाळ निजवलं. तिच्या मांडीला वर्षभरानं विसावा मिळाला. पुढे भाऊ फार गप्पा मारू लागले असं काही नाही, पण पाण्याच्या पाळ्या नीट चालल्या आणि एकमेकांच्या आजारपणात दोघं एकमेकांच्या उशाशी बसले.

आता त्यातलं कुणी नाही. विहीर बुजली, शेजारी बोअर झालं. मला पुष्कळदा विचारतात, तुमचा सण बाजारानं खाल्ला का हो? मला तसं ठामपणे म्हणवत नाही. बाजारातून आलेल्या त्या लाल झग्यानंच तर आत्याला रांगेत उभं राहायची संधी दिली. बाजार वाईट नाही, तो फक्त फार सोयीचा आहे. आपण न आणता गवत येतं, आपण न वाकता बाळ निजतं. आणि मला वाटतं, देवाला तर आपलं ते वाकणंच हवं होतं. त्यासाठीच तो इतक्या खाली, गव्हाणीपर्यंत आला.

त्या टेम्पोवाल्याकडून मी मूठभर कडबा मागून घेतला. तो म्हणाला, "मावशी, एवढ्यानं काय हुनार?" घरी येऊन मी दोघांना फोन केले. पूर्वीसारखं समजावलं नाही, रडले नाही. एवढंच म्हटलं, "येताना मूठभर गवत आण. दिवेलागणीला." मुलगा म्हणाला, "आई, पुण्यात फ्लॅटमध्ये मी गवत कुठून आणू?" मुलगी म्हणाली, "त्यालाही सांगितलंस?" काकांच्या सांताक्लॉजपुढच्या त्या रांगेत ती दोघंही होती. दोघांनाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

आज नाताळाची आदली संध्याकाळ. खोकं उघडलं आहे, दिवे लुकलुकताहेत, नातवंडं येऊन ते बघतील, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याच्या शेजारी कणीक मळायची परात आहे, तिच्यात माझी मूठ. आत्यामागून माझ्याकडे आलेलं ते लाकडी बाळ माझ्या मांडीवर आहे, त्याच जुन्या लुगड्यात. मुलगा मघाशीच आला. सुप्याच्या पुढे गाडी थांबवून माळावरचं गवत उपटलं म्हणे. विजारभर कुसळं घेऊन आला आहे. एरवी बहीण पोचायच्या आत निघतो तो आज उठला नाही, परातीपाशी बसून आपलं गवत निवडतो आहे. बहिणीचा फोन त्यानंच घेतला, न बोलता माझ्या कानाला लावला. राहुरी सोडली, म्हणाली.

एक कुसळ काढून बाजूला ठेवत त्यानं मान वर न करता विचारलं, "आई, तिच्या गवतात कुसळं असली तर?"

"माझे डोळे अधू झालेत रे," मी म्हटलं. "तूच निवड."