आंबटाचं झाड

"पनवेलात सफरचंद येईल का हो?"

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतंच. फोनवर विचारतात, गाडी कडेला घेऊन काच खाली करून विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई वरणभात कालवता कालवता विचारते. रोपवाटिका वडिलांची, ते गेल्यापासून मी चालवते. त्यामुळे उत्तरं तोंडपाठ आहेत. सफरचंदाला कडाक्याची थंडी लागते आणि आपल्याकडे जानेवारीतसुद्धा पंखा लावून झोपतात. कमी थंडीत तग धरणाऱ्या जाती आता निघाल्या आहेत, रोप माझ्याकडेही मिळेल. पानं येतील, नशीब असेल तर फूल येईल. फळाचं वचन मी देत नाही. जो देतो, त्याच्याकडून खुशाल घ्या.

दुसरा प्रश्नही ठरलेला. नातवाने सफरचंद खाल्लं, बी कुंडीत खोचली, उगवली! आता फळ कधी? अहो, बी म्हणजे पोर. पोर आईवर जाईलच असं कुठं असतं? आईचंच फळ हवं असेल तर आईची काडी घेऊन कलम करावं लागतं. हे मी आयुष्यात इतक्या वेळा सांगितलंय की सांगताना आता मी कुणाच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. माझ्या नाकावर राग असतो हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. रागाचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही. पण तोंडाकडे न बघता उत्तर द्यायची जी सवय लागली, तिच्यामुळे माझ्या हातून एक गोष्ट घडली. सहा वर्षं ती माझ्या मानेवर बसून आहे.

चैत्रातली दुपार होती. नवीन पनवेलचे एक गृहस्थ आले होते. नवा फ्लॅट, वर गच्ची, आणि गच्चीवर सफरचंदाचं झाड हवं. मोबाइलवर लालभडक फळांनी लगडलेल्या झाडाचे फोटो दाखवत होते. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चांगला पाऊण तास सफरचंदाची कुंडली मांडून सांगितली. तेवढा वेळ शेडच्या बांबूला धरून एक म्हातारी उभी होती. आखूड नेसलेलं लुगडं, हातात वायरची पिशवी. जवळच्याच एका आगरी गावातली असणार, हे बघूनच कळत होतं. तिला मी खुर्ची दिली नाही. सुचलंच नाही.

गृहस्थ रोप घेऊन गेल्यावर ती पुढे आली.

"बाय, झाडाचं झाड करून देतेस का?"

"कसलं झाड?"

"आंब्याचं. दारातलं."

"हापूस?"

"नाय गं. रायवल हाय. लय आंबट. कालवनात घालतो आमी."

मला हसू आलं. रायवळ म्हणजे कोयीतून आपोआप उगवलेला आंबा, त्यात हा आंबट. "मावशी, आंबट रायवळाचं कलम कोण करतं? चिंच घाला की कालवणात."

"मना तोच पायजे," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"बरं. पण आत्ता उन्हाळ्यात कलम धरत नाही. पावसात या."

"पावसातच व्हतं?"

"पावसातच."

"बरं," म्हणाली आणि पिशवी सावरत गेली.

मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं. आमच्याकडे आंब्याची कलमं पावसातच बांधतात, कुणालाही विचारा. पण वडिलांची एक पद्धत होती. कलमाचं विचारायला कुणी आलं की ते आधी विचारायचे, झाड कुठं आहे आणि का हवंय. मग पुढचं बोलायचे. त्या दुपारी मी दोन्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की गाव उठणार आहे, मोठ्या कामासाठी सगळ्यांची घरं जाणार आहेत आणि झाडाला पाऊस दिसणार नाही.

पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता. ती आली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन. हसत होती.

"पावसात ये म्हनलीस. आली बघ."

"काडी आणलीत?"

"काडी कुठली? झाड तोडला ना." पिशवी उघडून तिने दाखवली. आत आंब्याच्या कोयी होत्या, धुऊन पुसलेल्या. "ह्या आनल्यात."

वैशाखात मशीन आलं होतं. आंब्यांनी भरलेलं झाड एका सकाळी आडवं झालं. बायकांनी आंबे वेचले. जे कच्चे होते त्यांच्या फोडी करून, मीठ लावून, उन्हात वाळवून तिने आंबोशी करून ठेवली. जे तयार होते ते गवतात पिकवले आणि त्यांच्या कोयी माझ्याकडे आणल्या. एवढं सगळं तिने सरळ सांगितलं, कुणाला शिव्या न घालता.

मी मात्र भडकले. माझी खोडच ती, स्वतःची चूक दिसायला लागली की दुसऱ्यावर ओरडायचं. "अहो, मग तोडलं तेव्हाच का नाही आलात? तोडलेल्या फांदीची काडीसुद्धा दोन दिवस जिवंत असते! ओल्या फडक्यात गुंडाळून आणली असतीत, सावलीत दहा कलमं बांधली असती, दोन तरी धरली असती!"

तिला खरंच कोडं पडलं होतं.

"तूच म्हनलीस ना, पावसातच व्हतं."

मी शेडच्या मागे गेले, नळ सोडला आणि उगाच तोंडावर पाणी मारत राहिले. लाज वाटली. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. ज्याला फळ येणार नाही अशा सफरचंदासाठी मी चहा पाजला होता, आणि जिला खरंच झाड हवं होतं तिला एका वाक्यात वाटेला लावलं होतं. आणि तिने ते वाक्य वैद्याच्या औषधासारखं पाळलं होतं.

परत आले तेव्हा ती कोयी मोजत बसली होती. तीस होत्या. मी तिला खरं ते सांगितलं, या वेळी तोंडाकडे बघून. कोयीतून आईच येईल असं नाही. मात्र रायवळाच्या एकाच कोयीतून कधी कधी दोन-तीन कोंब निघतात, त्यातला एखादा हुबेहूब आईवर जातो, असं वडील सांगायचे. कळणार मात्र फळ लागल्यावरच.

"किती वर्सांनी?"

"पाच. सहा. जास्तही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'ची मला आता भीती वाटायला लागली होती.

तीसही कोयी मी पिशव्यांत रुजत घातल्या. अकरा रोपं जगली. वर्षभराने न्यायला या म्हटलं तर आली, पण रिकाम्या हाताने परत गेली. गाव उठल्यावर मिळालेल्या नव्या जागेत तिचं घर भिंतीला भिंत लागून होतं, पुढे फरशी, मागे गटार. झाड लावायला कोपरा नव्हता. मग ती अकरा रोपं मी माझ्याच जागेत, मागच्या कुंपणाला लावली. कामगारांना बजावून ठेवलं, यातलं एकही विकायचं नाही, कुणी सोन्याचं पान देऊ केलं तरी नाही. ती वर्षातून दोनदा येऊन बघून जायची. आता तिला खुर्ची असायची, पण ती झाडांजवळच उकिडवी बसायची. प्रत्येक झाडाचं पान चुरगाळून हुंगायची, आणि पुढच्याकडे सरकायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर येणं थांबलं. गच्चीवाल्या गृहस्थांचं सफरचंद मधल्या काळात दोनदा वाळलं आणि दोन्ही वेळा ते नवीन रोप घेऊन गेले.

या वर्षी अकरातल्या एका झाडाला आंबे लागले. सातच. मी रोज मोजत होते. कैऱ्या भरल्यावर चार तोडल्या आणि तिच्या घरी घेऊन गेले.

खाटेवर बसलेली होती. अंगाने निम्मी झाली होती, पण मला ओळखलं. कैरी हातात घेऊन फिरवली, हुंगली, देठाकडचा चीक नखाने काढला. मग सुनेकडून विळी मागून फोड कापली आणि तोंडात टाकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेच्या निकालालासुद्धा मी कधी इतकी घाबरले नव्हते.

बराच वेळ चावत राहिली.

"गोड हाय गं," शेवटी म्हणाली. "ह्यो तो नाय."

मग मला राहवलं नाही. "मावशी, चूक माझी आहे. तेव्हा मी विचारायला हवं होतं. उन्हाळ्यातही मी काडी घ्यायला येऊ शकले असते. पाय मोडले नव्हते माझे. तुमचं झाड माझ्यामुळे गेलं."

"झाड मशीननी पाडला. तू कशाला पाडशील?" असं म्हणून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पन इचारायला पायजे व्हतं. ता खरा."

ती मला माफ करेल असं वाटलं होतं. तिने केलं नाही, आणि ते बरंच झालं.

मग तिने सुनेला हाक मारून फळीवरची बरणी मागवली. तळाशी आंबोशीचे चार-पाच तुकडे होते, काळे पडलेले, चामड्यासारखे. त्या वैशाखातली ती शेवटची आंबोशी. "आजच्या बोंबलात घाल सगली," ती म्हणाली.

सून थबकली. मीही ओरडले, "अहो, नको! ठेवा ती. एवढीच उरलीय!"

"ठेवून काय करू? लोनचं घालू?" म्हातारी चिडली. तिचा राग मी पहिल्यांदाच बघत होते. "अजून धा झाडं हायत ना तुझ्याकं? ती लागतील तवा मी असेन का? पोराला इचारला तर तो म्हंतो सगली आंबटं सारखीच. ही सून आली तवा झाड नव्हतंच. मंग वलखनार कोन? तुला म्हायती हाय चव?"

मला माहीत नव्हती. सहा वर्षं त्या झाडाची अकरा पोरं सांभाळली, पण त्याची चव मला ठाऊक नव्हती. मी कधी मागितलीच नव्हती.

सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पहिल्या घासाला माझा डावा डोळा आपोआप मिटला, जबडे आवळले. नुसता आंबटपणा नव्हता तो. मागून तुरट यायचं, मग किंचित कडवट, आणि गिळल्यानंतर बऱ्याच वेळाने कानशिलाजवळ काहीतरी गार वाटायचं. चिंचेत हे नाही, कोकमात नाही, बाजारातल्या कोणत्याही कैरीत नाही. अशा झाडाचं कलम कोण करतं, असं मी तिला हसत विचारलं होतं.

ती स्वतः जेवली नाही. माझ्यासमोर बसून राहिली आणि वाटी रिकामी झाली की भरत राहिली.

"जेव आनखी. ध्यानात ऱ्हायला पायजे."

"राहील."

"नाय, अजून जेव."

सगळं कालवण संपवलं मी. तुकडेसुद्धा चोखून चावून खाल्ले. तिने बरणी आपल्या हाताने धुतली आणि पालथी घातली.

परत येताना ऊन तापलं होतं. वाटेत फोन आला. कुणीतरी विचारत होतं, सफरचंद येईल का. उद्या करा म्हटलं. नाक्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, खारट आंबट खाऊन तहानेने जीव चाललेला, रसवाला ग्लास पुढे करत होता. मी प्याले नाही. घरी पोचेपर्यंत पाणीसुद्धा प्याले नाही.