उपरण्याखालचा कॅमेरा

बेळगावच्या शनिवारच्या बाजारात जुनी घड्याळं आणि कॅमेरे मांडून बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. निपाणीच्या मोटारीत माझा कॅमेरा चोरीला गेला होता. त्याच वर्षी माझी पत्नी वारली. त्यानंतर एका शनिवारी तो कॅमेरा मला म्हाताऱ्याच्या गोणपाटावर दिसला. त्यावरचा नंबर कोणी कानशीने घासून काढला होता.

“हा माझा आहे,” मी म्हणालो.

त्याने कॅमेरा मांडीवर घेऊन वर उपरणं टाकलं. कोणी मालावर हक्क सांगितला, की तो असाच माल झाकून खूण विचारी.

“असं लई जण म्हणत्यात, मास्तर. परवा एकजण माझ्या सवताच्या घड्याळाला आपलं म्हणत हुता. खूण सांगा.”

“नंबर माझ्या वहीत लिहिलेला आहे.”

“त्यो आता हितं कुठं हाय? दुसरी सांगा.”

मी सांगितलं, की कॅमेऱ्याच्या पुढच्या, घड्यांच्या कातडी भात्याला डाव्या कोपऱ्यात भोक पडलं होतं. तिथे पत्नीने जुन्या चंद्रकळेचा तुकडा चिकटवून कडेने बारीक टाके घातले होते.

त्याने उपरण्याखालीच भाता उघडला आणि डोळे मिटून कोपरा चाचपला. बोट टाक्यांवरून हळूहळू फिरलं. मग त्याने काही न मागता कॅमेरा माझ्या हातात ठेवला.

“घेऊन जावा. आन आक्कास्नी सांगा, एकबी टाका उसवला न्हाय.”

“सांगतो,” मी म्हणालो.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी ते सांगितलं.