बाराव्या मिनिटापासून

“लिहिलेलं नाव कुणी ना कुणी वाचतंच,” असं इदरीस एकदा म्हणाला होता.

म्हणून त्याच्या जव्हारच्या दुकानात बायकांच्या डिस्कवर नाव नसे. लग्नात पुरुषांकडचं शूटिंग तो करी, बायकांकडचं, जिथं परक्या पुरुषाला मज्जाव असे, त्याची बायको फिरदौस. त्या भागाची डिस्क वेगळी निघे, एकच, आणि कव्हरला बांधलेल्या दोऱ्याच्या रंगावरून ती कुठल्या घरची हे फक्त नवराबायकोला कळे. स्वस्तात शूटिंग करणारे गावात आणखी दोघे होते. तरी घरं याच दोघांकडे येत, ती या बिननावाच्या डिस्कमुळे.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा वामन दुकानात आला. एक संस्था पाण्याच्या टाक्या देणार होती, पण आधी तिला पाडा बघायचा होता. इदरीस जाऊन शूटिंग करून आला. वामनची बायको, तिचं नावच धाकली, झऱ्याच्या खड्ड्यात उतरून वाटीवाटीनं हंडा भरत होती, बाकीच्या वर रांगेत बसल्या होत्या.

संगणकात एवढा व्हिडिओ मावत नव्हता. म्हणून त्यानं तो डिस्कवरच ठेवला आणि सादरीकरणाच्या एका पानात चौकट बसवली. पान उघडलं की चौकटीनं डिस्क फिरवायची, बाराव्या मिनिटाला सुरू व्हायचं, चौदाव्याला थांबायचं. डिस्क कुठली, हे चौकटीला कळत नव्हतं.

मोखाड्यात संस्थेनं ठेवलेल्या बैठकीला पाईपचा व्यापारी नवेदही येणार होता. त्याची बहीण शायस्ता हिच्या लग्नाची डिस्क तिथंच त्याच्या हातात द्यावी, असं इदरीसनं ठरवलं. सकाळी दोन्ही डिस्क टेबलावर उघड्या होत्या, दोन्ही बिननावाच्या. बाहेर जीपनं हॉर्न दिला. त्यानं त्या कव्हरांत घातल्या.

जीपमध्ये संगणक वामनच्या मांडीवर होता. “इदरीसभाय, धाकली दिसल ना भिंतीवर? नाय त मला घरात घ्यायची नाय.” जीपभर हशा झाला.

सभागृहात आकड्यांची पानं गेली. मग चौकट उघडली. शायस्ता मोकळ्या केसांनी बसली होती. ओल्या मेंदीचे हात वर धरलेले, भावजय तिला भरवत होती. कॅमेऱ्याकडे, म्हणजे फिरदौसकडे बघून ती काहीतरी बोलली आणि हसली.

इदरीस अजून खड्ड्याची वाट बघत होता. कळलं तेव्हा त्यानं बटण दाबलं. डिस्क बाहेर येईना. तो प्रोजेक्टरसमोर जाऊन उभा राहिला. शायस्ता त्याच्या शर्टावर हसत राहिली. मागून कुणीतरी विचारलं, हा कुठला पाडा, पाणी नाही म्हणता आणि मेंदी भिजवायला बरं मिळतं. लोक हसले. चौदाव्या मिनिटाला चौकट आपली आपण थांबली.

मग त्यानं दुसरी डिस्क घातली. बाराव्या मिनिटाला धाकली खड्ड्यात वाकलेली दिसली. वामननं शेजारच्याला कोपर मारलं. टाकी मंजूर झाली. टाळ्या वाजल्या, त्याही इदरीसनं ऐकल्या.

लोक चहाला गेल्यावर नवेद टेबलाशी आला आणि त्यानं हात पुढे केला. इदरीसनं डिस्क दिली. नवेदनं ती कव्हरमधून काढून दोन्ही बाजूंनी पाहिली.

“ही एकच ना?”

इदरीसनं मान हलवली.

“घरी मी काही बोलणार नाही, इदरीसभाई. पण इथं जव्हारची माणसं होती.” त्यानं डिस्क खिशात घातली. “रविवारी धाकट्या बहिणीचं लग्न आहे. फिरदौस भाभींना सांगा, शूटिंगला येऊ नका म्हणून. का, ते तुम्हीच सांगा.”

वामन दारातून ओरडला, चहा निवतोय. इदरीसनं वायर गुंडाळली. संगणक गोधडीत बांधला, छातीशी धरला आणि नवेदच्या बाजूनं बाहेर पडला.