टिकल्यांभोवतीची रेघ

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. आमच्या कॉलेजनं हॉस्टेलं रिकामी केली आणि मुलांना घरी पाठवलं. मी तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मुलंच नाहीत तर शिकवायचं कुणाला, म्हणून मीही अहमदपूरला आईवडिलांकडे येऊन पडले. टँकरची वाट बघण्यापलीकडे काम नव्हतं. रिकामटेकड्या माणसाला नसते उद्योग सुचतात. मला तर हमखास सुचतात.

माळ्यावर भाच्याची चित्रं काढायची पाटी सापडली. लाल चौकट, राखाडी काच, खाली दोन गोल बटणं. एक बटण फिरवलं की रेघ आडवी जाते, दुसरं फिरवलं की उभी. रेघ मध्येच उचलता येत नाही आणि पुसायचं तर पाटी उलटी करून खळखळ हलवावी लागते. हातानं गोल काढायला गेलं की जिना होतो. दोन्ही बटणं मोटरीनं एकाच वेळी फिरवली तर गोल निघेल का? एवढाच प्रश्न, पण तो डोक्यात शिरला तो शिरलाच. मोडक्या प्रिंटरच्या दोन मोटरी, त्यांना हुकूम देणारा बोटभर मायक्रोकंट्रोलर आणि मोटर बटणाला जोडायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे, असा संसार मी ओसरीत मांडला.

"काय करायलीस गं?" आईनं विचारलं.

"गोल काढतेय."

"त्यो वाटी ठिवून बी निघतोय."

वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्या दिवसांत लातूर तोडून नवा जिल्हा करायची चर्चा जोरात होती आणि स्टँडजवळच्या हॉटेलात आपला तालुका कुणीकडे जाणार यावरून चहाचे कप आपटले जायचे. मशीननं बऱ्यापैकी गोल काढलेला बघून वडील म्हणाले, "ह्याच्यावर नव्या जिल्ह्याचा नकाशा काढून दाव." मी त्यांनी सांगितली तशी हद्द आकड्यांत भरली. रेघ निघाली, वळणं घेत फिरली आणि सुरुवातीच्या टोकापासून बोटभर अलीकडेच थांबली.

"बघ," वडील म्हणाले, "हद्दच जुळंना, जिल्हा कुठून हुईल?"

चूक मशीनची होती. बटण उलट दिशेला फिरवलं की आतली दोरी ताणेपर्यंत ते नुसतंच फिरतं, रेघ जागची हलत नाही. प्रत्येक वळणावर असं थोडं थोडं हरवत जातं. मी त्यात डोकं घालून बसले होते, तेव्हा आई पाठीमागे येऊन उभी राहिली.

"हात न उचलता काढतंय व्हय हे?"

"हो. उचलताच येत नाही त्याला."

"मग माझ्या आईचा मुग्गू काढंल की."

आईचं माहेर बिलोलीकडचं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. तिकडं रांगोळीला मुग्गू म्हणतात. आजीचा एक खास मुग्गू होता. सगळ्या ठिपक्यांना वळसा घालत एकच रेघ जायची आणि निघाली तिथंच येऊन मिळायची. रेघ ठिपक्याला शिवायची नाही, एकही ठिपका वगळायचा नाही, हात उचलायचा नाही. माझ्या लहानपणी आई तो रोज पहाटे दारात टाकायची. मी त्याच्यावरून उडी मारून शाळेत जायचे, बसून शिकण्याइतकी फुरसत मला कधी नव्हती. गेली काही वर्षं ती साध्या छोट्या रांगोळीवरच भागवायची, आणि यंदा तर सडा टाकायलाही पाणी नव्हतं आणि कोरड्या जमिनीवर रांगोळी टाकत नाहीत. गल्लीतली सगळी दारं सुतक असल्यासारखी दिसायची.

मी आईपुढे कागद ठेवला. तिनं ठिपके भराभर मांडले, पेन्सिल टेकवली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. कोपऱ्यातले चार ठिपके बाहेरच राहिले. दुसरा कागद, तिसरा कागद.

"यीना गं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "आईचं ह्येवढंच हुतं माझ्याकडं. ह्ये गेलं म्हंजी ती गेलीच की."

आई एकुलती एक. विचारायला मावशी नाही, मामा नाही. मुग्गूचा कुणी फोटो काढला नव्हता, रोजच्या रांगोळीचा कोण काढतं? मला एकदम भीती वाटली. आईच्या हातातून गेला तर तो जगातूनच गेला.

ठिपके देणं मशीनला जमत नव्हतं. ते आईनं सोडवलं. टिकल्यांचं पाकीट आणलं आणि काचेवर एकेक लाल टिकली चिकटवली. मी रेघेचा मार्ग अंदाजानं भरायचे, मशीन काढायचं, आई बघायची. "न्हाई." पाटी हलवायची, पुन्हा काढायचं. "न्हाई, हितं न्हाई." कुठं चुकतंय ते तिला दिसायचं, बरोबर काय ते सांगता यायचं नाही. मी चिडायचे, ती माझ्यावर चिडायची. मधल्या वेळात मी प्रत्येक उलट वळणावर मोटरीला थोडे जादा फेरे दिले आणि रेघेची दोन टोकं जुळायला लागली. पण कोपऱ्यातले चार ठिपके बाहेरच.

"लई पळतंय ते," आई म्हणाली. "सावकाश कर."

मी मोटरी अगदी संथ केल्या. मुंगीच्या चालीनं रेघ निघाली. आईचं बोट आपोआप उठलं आणि काचेवर अधांतरी रेघेसोबत चालू लागलं. चिमटीत रांगोळी असावी तसा अंगठा बोटावर घासत होता. कोपरा आला. रेघ आत वळली आणि आईचं बोट बाहेर गेलं.

मी मशीन बंद केलं. "आई, थांबू नकोस!"

ती थांबली नाही. बोट त्या चारही टिकल्यांना वळसा घालून परत आत आलं. मी नुसती बघत होते, मग भानावर येऊन ते वळण भरलं. या वेळी एकही टिकली बाहेर राहिली नाही आणि रेघ निघाली तिथं येऊन मिळाली. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी फोटोसाठी फोन आणायला आत धावले. बाहेर येते तर खळखळ आवाज. आईनं पाटी उलटी करून हलवली होती. काचेवर फक्त टिकल्या.

"अगं, काय केलंस!"

"झाली की पुसावी. शिळी दारात ठिवत न्हाईत."

मार्ग मशीनमध्ये भरलेला होता, तरीही मला इतका राग आला की मी अर्ध्या ताटावरून उठले.

सकाळी तिनं हाक मारली. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जायचं. आज तुळशीच्या वाट्यातलं ओंजळभर उंबऱ्यापुढं शिंपडलं होतं. पाटीएवढीच ओली जागा आणि तिच्यावर ठिपके. फक्त ठिपके.

"मशीनला शिकीवलं," आई म्हणाली, "आता तू बस."

मी उकिडवी बसले. तिनं माझ्या चिमटीत रांगोळी दिली आणि मनगट धरलं. कोपऱ्यात तिनं माझा हात बाहेर वळवला आणि मग सोडून दिला. मी एकटीनं उरलेले वळसे घेतले. शेवटी रेघ टोकापासून बोटभर लांब राहिली.

वडील दारात उभे राहून हसायला लागले. आईनं तळहातानं सगळं पुसलं आणि पुन्हा ठिपके दिले.

"टाक," ती म्हणाली. "जमीन वाळायच्या आत."