हळदीगत लावलेली बुरशी

आठवीत शाळा सुटली आणि खंडाळ्याकडची मी सांगलीला आले. हळदीच्या वखारीत निवडायला बसायचे. लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे दुसरीकडं. काही वर्षांत हाताला तीच सवय जडली. पुढं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. तिथं काचेला हात लावायचीही भीती. काही चुकलं तर उद्या गावाकडची एसटी, एवढंच डोक्यात.

तिथं शिकवणाऱ्या बाई मूळच्या कडेगावच्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर त्यांचं काम. आंब्याच्या लाकडाचे छोटे ठोकळे करून त्यांवर त्यांनी तीन जाती वाढवल्या होत्या: पांढरी, पिवळी आणि तपकिरी. एका ठोकळ्यावर एकच जात, एका डब्यात सत्तावीस ठोकळे, तीन थरांत.

"कोण कुणाच्या शेजारी बसतं, त्यावर कोण टिकतं ते बघायचंय," त्या म्हणाल्या. पहिल्या डब्यात तिन्ही जाती मिसळून मांडल्या आणि मीटिंगला निघाल्या. "बाकीचे असेच मांडा. एकदा टेकवलेला ठोकळा हलवायचा न्हाई."

चौथ्यापर्यंतचे डबे बघून बघून मांडले. पाचव्याला नजर सैल झाली आणि हात हळदीच्या सवयीवर गेला. झाकण लावताना बघते तर पांढरे सगळे एका कोपऱ्यात, पिवळे मधे, तपकिरी पलीकडं. बाहेरून सगळे डबे सारखेच दिसत होते, कुणाला कळलं नसतं. पण आठवी शिकलेल्या माझ्या हातात बाईंनी या खोलीची किल्ली दिली होती.

त्या दारात दिसल्या तशी मी म्हणाले, "बाई, एका डब्यात माझा हात चुकला. हळदीगत लावलं, जात बघून."

शिपाईमामा मागंच उभे. "बुरशीचं बियाणं निवडून ठेवलंस व्हय? मग हळदीगत लिलाव कवा काढायचा?"

बाई हसल्या नाहीत. झाकण उचलून त्यांनी एकेक थर बघितला. मी मनातल्या मनात पिशवी भरली.

"सांगितलं ते बरं केलं तुमी," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तो. त्यावर तुमचं नाव घाला."

काही महिन्यांनी डबे उघडले. मिसळलेल्या डब्यांत पांढरी जवळजवळ संपलेली. तपकिरीनं चहूबाजूंनी घेरून तिचं लाकूड बळकावलेलं. माझ्या डब्यात पांढरीची पिवळीकडची कड गेली होती, पण कोपऱ्यातले ठोकळे तसेच. कापूस पिंजून ठेवावा तसे.

"एकटी पडली तिथं हरली," बाई म्हणाल्या. "पण एका डब्यावरनं काय खरं मानायचं न्हाई. आता मुद्दाम दोन्ही तऱ्हेनं लावू. पाचवा कसा मांडला होता, ते वहीत काढा."

"मी? माझं अक्षर लय वाईट हाय, बाई."

"मांडलं कुणी? मग काढणार कोण?"

त्यांनी पेन पुढं केलं. पट्टी घेऊन मी तीन थरांचे तीन चौकोन आखले. पट्टी सरकली, रेघ वाकडी आली. बाईंनी ती खोडली नाही. मी पहिला पांढरा ठोकळा कोपऱ्यात काढला आणि त्याला लागून दुसरा.