ऐकणारं कुणीतरी

आमच्या टीममधली केतकी आपला कोड लाइव्ह करण्याआधी खुर्ची सरकवून कुणाच्या तरी शेजारी बसते आणि तो मोठ्याने वाचून दाखवते. काल ती माझ्याकडे आली. एका रक्तपेढीच्या वेबसाइटवरून रक्तदान थांबवलेल्यांची नावं काढून टाकायची होती. वाचता वाचता ती थांबली.

“अरे, यानं तर सगळेच दाते पुसले जातील,” ती शांतपणे म्हणाली.

मी तोपर्यंत एक शब्दही बोललो नव्हतो. एकट्यानं वाचताना डोळ्यांना मनातलंच दिसतं; शेजारी ऐकणारं कुणी असलं, की लिहिलेलं दिसतं. तिनं ती ओळ सुधारली आणि मगच कोड लाइव्ह केला.

संध्याकाळी रक्तपेढीतून फोन आला. एका बाळंतिणीसाठी दुर्मीळ गटाचा दाता वेबसाइटवर सापडला होता. फोन ठेवून केतकी मला म्हणाली, “आता तुझा कोड वाच. मी ऐकते.”